साडेचार महिन्यांचा लॅब्रॅडॉर सगळं घर कुरतडतो

पत्र: आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. घरात मी, यजमान, आठ वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. आमचा गोटू साडेचार महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे, वजन पंधरा किलोच्या आसपास. चपलांचे तीन जोड, दिवाणाचा पाय, मोबाईलची चार्जिंग वायर, सासूबाईंचं पूजेचं आसन, सगळं कुरतडून झालं. संध्याकाळी मुलाच्या हाताला आणि सासूबाईंच्या पदराला लटकतो. पेपरची गुंडाळी करून मारून पाहिलं, दिवाणाला लाल तिखट लावलं, खेळायला जुनी चप्पल दिली. परवा त्याच्या चेंडूवर रक्त दिसलं. शेजारी म्हणतात कॅल्शियम कमी आहे, दीर म्हणतात हाडं द्या. आम्ही दोघं दहा ते साडेपाच बाहेर असतो. दात आले की हे आपोआप थांबेल का? शिवाय आता गणपती येताहेत, त्याची धास्ती वेगळीच.

नमस्कार ताई,

आधी रक्ताचं सांगतो, कारण त्यानं तुम्ही घाबरलेल्या दिसता. या वयात खेळण्यावर गुलाबी डाग दिसणं अपेक्षितच आहे. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि त्यांच्या जागी, मागच्या दाढा धरून, ४२ पक्के दात येतात. पुढचे बारीक दात साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बदलतात, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि शेवटच्या दाढा सातव्या महिन्यापर्यंत येत राहतात. गोटूचं तोंड सध्या या सगळ्याच्या ऐन मध्यात आहे. हिरड्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या असतात आणि त्यांवर दाब पडला की त्याला बरं वाटतं. पडलेले दात बहुतेक वेळा तो गिळतो, त्यानं काही होत नाही. फक्त आठवड्यातून एकदा ओठ हलकेच वर करून सुळे बघत जा. दुधाचा सुळा न पडता पक्का सुळा त्याच्या शेजारीच उगवलेला दिसला, तर पशुवैद्यांना दाखवा. अशा वेळी पक्का दात वाकडा येतो, आणि खालचा सुळा तर कधीकधी टाळूत रुतायला लागतो.

दात आले की थांबेल का, या प्रश्नाचं उत्तर निम्मं होकारार्थी आहे. ठणक सातव्या महिन्यानंतर जाते, पण चावण्याची गरज जात नाही. किंबहुना सात ते बारा महिन्यांच्या काळात बरीच कुत्री पुन्हा जोरात चावायला लागतात, आणि तेव्हा जबड्यात ताकदही पुष्कळ असते. त्यात लॅब्रॅडॉर ही पाणपक्षी तोंडात धरून आणण्यासाठी घडवलेली जात आहे, तोंडात काही ना काही असणं हा तिचा स्वभावच. शिवाय पिल्लू जग तोंडानं ओळखतं. रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, तसंच.

म्हणून चावणं बंद करण्याचा नाद सोडा. गोटू दिवसातून काही तास चावणारच आहे. त्या तासांत त्याच्यासमोर काय असेल आणि काय नसेल, एवढंच तुमच्या हातात आहे, आणि ते पुरेसं आहे.

तुम्ही करून पाहिलेले उपाय आजपासून बंद करा. पेपरच्या गुंडाळीनं कुत्रा दोनच गोष्टी शिकतो: माणसं समोर असताना चावायचं नाही, आणि हात वर गेला की घाबरायचं. चप्पल फाटल्यावर पाच मिनिटांनी ओरडलात तर त्याला चप्पल आणि ओरडा यांचा संबंध लागत नाही, त्यासाठी क्रिया आणि परिणाम यांत सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ‘पण तो अपराधी तोंड करतो ना!’ असं बरेच जण म्हणतात. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासलं होतं. कुत्र्यानं खरोखर चूक केली होती की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध आढळला नाही, मालक रागावला की चेहरा तसा होत होता. ती भीती असते.

लाल तिखट आजच ओल्या फडक्यानं पुसून टाका. ते डोळ्यांत, नाकात गेलं की पिल्लाला फार त्रास होतो, आणि वाळल्यावर ते तसंही उपयोगाचं राहत नाही. फिनाईल किंवा जंतुनाशक लावायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, ती विषं आहेत. दुकानात कडू चवीचा फवारा मिळतो तो चालेल. आधी कापसावर मारून गोटूला चव घेऊ द्या. त्यानं तोंड फिरवलं तरच दिवाणाच्या पायावर दिवसातून एकदा, निदान दोन आठवडे मारा. काही कुत्र्यांना ती चव चक्क आवडते, म्हणून ही तपासणी. यापेक्षा पक्का उपाय म्हणजे पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा चिरून दिवाणाच्या पायाभोवती चढवणं. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत राहू द्या.

जुनी चप्पल देणं ही फार घरांत होणारी चूक. जुनी कुठली आणि नवी कुठली हे आपल्याला कळतं. त्याला दोन्हींना तुमच्या पायाचा आणि रबराचा तोच वास येतो. चपलांना दाराचं कपाट किंवा साडेतीन फुटांवरचा कप्पा हवा.

आता जागा. घराचा एक कोपरा लोखंडी जाळीच्या घडीच्या कुंपणानं बंद करा. गोटूच्या मापाला अडीच ते तीन फूट उंची आणि निदान सहा बाय चार फूट जागा लागेल. कोपरा असा निवडा की सासूबाई त्याला दिसतील. एकट्या खोलीत कोंडलेलं पिल्लू दारच कुरतडतं. आत वायर, कूलरचा प्लग, पडद्याचं टोक काहीही पोचू नये. पाण्याचं जड भांडं आणि तीन खेळणी एवढंच आत. गोणपाट अंथरू नका, त्याचे धागे तो ओढून गिळतो.

कुंपणात टाकून साडेसात तास निघून जाणं मात्र चालणार नाही. या वयाचं पिल्लू चार-पाच तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही, आणि त्याला दिवसातून तीनदा खायला लागतं. एक-दीडच्या सुमाराला यजमानांनी किंवा पगारी माणसानं येऊन त्याला बाहेर न्यावं, भरवावं, दहा मिनिटं खेळवावं. ही सोय होत नसेल तर बाकीच्या सगळ्या उपायांचा निम्मा परिणाम जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. सासूबाईंना वाकायला लावू नका. त्यांनी बसल्या जागेवरून, तो शांतपणे खेळणं चघळत असेल तेव्हा, एखादा दाणा कुंपणात टाकला आणि ‘शाबास’ म्हटलं तरी खूप काम होतं. आपण पिल्लाकडे लक्ष देतो ते त्यानं काही बिघडवल्यावर. शांत बसलेला असतो तेव्हा कुणी त्याच्याकडे बघतही नाही, आणि हे त्याच्या बरोबर ध्यानात येतं.

चघळायला काय द्यायचं, यात सर्वांत उपयोगाचं म्हणजे आतून पोकळ, जाड रबराचं खेळणं. ते त्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं घ्या. त्याच्या दुपारच्या खाण्यातलाच अर्धी वाटी कोरडा खाऊ कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, त्यात दोन चमचे उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक चमचा बिनसाखरेचं दही मिसळा आणि सैलसर भरा. पहिले दोन दिवस तसंच द्या. पहिल्याच दिवशी गोठवून दिलंत तर काही निघत नाही म्हणून तो सोडून देईल आणि पुन्हा दिवाणाकडे वळेल. जमू लागलं की चार तास फ्रीझरमध्ये ठेवून द्या. गार रबरानं हिरडी शांत होते आणि चाटून-चावून अर्धा तास सहज जातो. रोज बाटलीच्या ब्रशनं धुवा, पावसाळ्यात आत बुरशी लवकर धरते. अशी दोन खेळणी असली की एक फ्रीझरमध्ये, एक त्याच्याकडे.

दुसरा बिनखर्ची उपाय: जुना सुती पंचा ओला करून पिळा, पीळ देऊन मध्ये गाठ मारा आणि दोन-तीन तास गोठवा. समोर बसून दहा-पंधरा मिनिटं चावू द्या. मऊ पडायला लागला की काढून घ्या, कारण मऊ झाल्यावर तो फाडतो आणि चिंध्या गिळतो. फ्रिजमधलं जाडजूड अख्खं गाजरही चांगलं, फक्त शेवटचा दोन इंचांचा तुकडा उरला की परत घ्यायचा. एकूण सात-आठ खेळणी जमवा, त्यांतली तीन बाहेर ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला. चार दिवस न दिसलेलं खेळणं त्याला नव्यासारखंच वाटतं.

दिरांच्या हाडांबद्दल. शिजवलेलं हाड फुटून त्याच्या टोकदार सळया होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कच्चं हाड, शिंग, खूर यांनी वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो. दुकानातली पांढरी चामड्याची हाडं लॅब्रॅडॉर नीट चावतच नाही, लगदा झाला की गिळतो आणि तो अडकतो. घरी करता येणारी एक परीक्षा आहे: वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. नखाची खूण उमटत नसेल तर ती त्याच्या दातांसाठी जास्तच कडक आहे.

कॅल्शियमचं तर कृपा करून मनावर घ्या. गोटू पिल्लांसाठीचा तयार खाऊ खात असेल तर वरून कॅल्शियमचं औषध देऊ नका. मोठ्या जातींच्या पिल्लांना या वयात जास्तीचं कॅल्शियम शोषणं आवरता येत नाही, आणि त्यानं हाडं व सांधे वेडेवाकडे वाढू शकतात. हा धोका चपलेपेक्षा कितीतरी मोठा आहे. खाणं घरचं असेल तर पशुवैद्यांना रोजचं ताट सांगा आणि ते म्हणतील तेवढंच द्या. माती, चुना, भिंतीचे पोपडे मात्र तो *खात* असेल तर ते वेगळं. त्यामागे जंत, पोटाची तक्रार किंवा रक्त कमी असणं असू शकतं. या वयात सहाव्या महिन्यापर्यंत जंताचं औषध साधारण महिन्यातून एकदा, वजनावरून ठरवून देतात. शेवटचं कधी दिलं ते तपासा.

आता ज्यावर मी तुम्हाला सर्वांत जास्त वेळ घालायला सांगेन ती गोष्ट: ‘सोड’. गोटूच्या तोंडात काही दिसलं की घरात काय होत असेल ते डोळ्यांसमोर येतं. सगळे ओरडत धावतात, तो दिवाणाखाली पळतो, कुणीतरी जबडा उघडून वस्तू ओढतं. त्याच्या लेखी हा दिवसातला सर्वांत मजेचा पकडापकडीचा खेळ आहे. आणि वस्तू हिसकावली जाणार हे कळलं की पिल्लू ती पटकन गिळून टाकतं, किंवा पुढे गुरगुरायला लागतं. मोजे आणि रुमाल पोटात जातात ते बऱ्याचदा असेच.

शिकवायचं असं. पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. गोटूच्या तोंडात त्याचं साधंसंच खेळणं असताना एक तुकडा नाकाशी न्या. तोंड उघडेल. उघडताक्षणी ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या आणि *खेळणं त्याला परत द्या*. हे परत देणंच लोक विसरतात. सोडलं की कायमचं जातं असं त्याला वाटलं, तर तो सोडणार नाही. एका वेळी पाचदा, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. मग आधी ‘सोड’ म्हणा, दोन सेकंद थांबा, आणि सोडल्यावर तुकडा द्या. आठवड्याभरानं चमचा, डबीचं झाकण अशा कमी आवडत्या वस्तूंवर करा, चप्पल सर्वांत शेवटी. मधल्या काळात त्यानं खरंच काही पळवलं तर पाठलाग नको. चार-पाच तुकडे त्याच्यापासून तीन-चार फुटांवर जमिनीवर पसरा आणि तो ते टिपत असताना वस्तू उचला. घरातल्या चौघांनीही शब्द एकच वापरायचा. एकानं ‘सोड’, दुसऱ्यानं ‘छोड’ आणि तिसऱ्यानं ‘ए गोटूऽऽ’ म्हटलं तर शिकायला तिप्पट वेळ लागेल.

संध्याकाळचं हातांना लटकणं बहुतेक दमल्यामुळे आहे. पिल्लाला दिवसाचे १८ तासांच्या आसपास झोप लागते. तुम्ही घरी आल्यावर सहा ते नऊ सलग दंगा चालत असेल, तर तो चिडचिड्या मुलासारखा होतो. साडेसातला त्याला गोठवलेलं खेळणं घेऊन कुंपणात ठेवा, दिवा मंद करा. दहा-पंधरा मिनिटांत झोपला तर निदान बरोबर होतं असं समजा. मुलाला सांगा की दात लागले की ‘झाड’ व्हायचं, हात घडी, नजर वर, आवाज नाही. हात हलला, किंचाळी आली की खेळ वाढतो. खेळायचंच तर दीड फुटाच्या दोरीनं, म्हणजे हात आणि दात यांत अंतर राहतं. सासूबाईंनी महिनाभर पदर खोचून वावरावं. रागावून पदर ओढला की तो ओढाओढीचा खेळ होतो.

आणि मुलाच्या हातावर दाताचा ओरखडा, रक्त आलं असेल तर ‘घरचंच पिल्लू आहे’ म्हणून सोडून देऊ नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. गोटूचं रेबीजचं लसीकरण तीन महिन्यांनंतर झालंय ना, कार्ड काढून बघा.

वायर. ‘चार्जर काढून ठेवा’ एवढं पुरत नाही, भिंतीवरचं बटणही बंद हवं. खालून जाणाऱ्या वायरी प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीत घाला. कधी वायर तोंडात असताना झटका बसलाच तर आधी मेन स्विच, मगच गोटूला हात. तो उठून नीट चालू लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. विजेच्या झटक्यानंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं.

गणपतीची धास्ती रास्त आहे. आराशीच्या दिव्यांच्या माळा जमिनीपासून चार फुटांवर लावा आणि बटण सेलवर चालणाऱ्या माळा यंदा आणूच नका. तो सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. तुपात भिजवलेल्या वाती पिल्लांना फार आवडतात, आणि कापसाचा तो बोळा आतड्यात अडकतो. त्या झाकणाच्या डब्यात, तबक कधीही चौरंगावर एकटं ठेवायचं नाही. कापूर विषारी. प्रसादातले बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात आणि किती खाल्ले तर चालतात असं प्रमाण ठरलेलं नाही, म्हणून येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगा की गोटूला हातावर प्रसाद नाही. फुलांत कण्हेर असेल तर तीही उंचावर, तिचं पान हृदयावर परिणाम करतं. कांदा-लसणाची शेव आणि चॉकलेटचे मोदक हेही त्याच्यापासून लांबच ठेवा. यांतलं काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका, मिठाचीच बाधा होते. काय, किती, केव्हा हे कागदावर लिहून लगेच डॉक्टरांना फोन करा. शहरातल्या दवाखान्यांखेरीज महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वीस-पंचवीस किलोमीटरवर. दोन्हीकडचे नंबर आणि वेळा आजच काढून फ्रिजवर चिकटवा. गौरी जेवणाच्या दिवशी शोधाशोध नको.

शेवटचं भुट्ट्यांचं. हे दिवस मक्याची कणसं किसून भुट्ट्याचा कीस करायचे आहेत, आणि किसून उरलेली मधली दांडी लॅब्रॅडॉरला हमखास खेचते. ती पचत नाही. पोटात काही दिवस तशीच पडून राहते आणि मग पुढे सरकून आतड्यात बूच बसल्यासारखी बसते. लक्षणं अशी: वारंवार उलटी, पाणीही न टिकणं, शी न होणं किंवा नुसतं कुंथणं, पोटाला हात लावू न देणं, मलूल होऊन कोपऱ्यात बसणं. यांतली दोन एकत्र दिसली तर उद्याची वाट पाहू नका. गुदद्वारातून दोरा किंवा नाडी लोंबताना दिसली तर ओढायची नाही, आत ती आतड्याला कापत जाते. दांड्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकत असाल तर सकाळी गाडी येईपर्यंत तो डबा झाकण लावून ओट्यावर ठेवा. आणि दवाखान्यात जावंच लागलं, तर एक्स-रेत ही दांडी कित्येकदा स्पष्ट दिसत नाही, म्हणून टेबलावर घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा की घरात अमुक दिवशी कीस केला होता.